तुरीवरचा शिंगवाला किडा: आधी ओळख, मग औषध

तूर कमरेएवढी झाली की तिच्या कोवळ्या खोडावर आणि फांद्यांवर एक लहानसा, मातकट तपकिरी किडा ओळीने बसलेला आढळतो. लांबून पाहिले तर खोडाला काटे फुटले आहेत असे वाटते. बोट जवळ नेले की त्यातला एखादा काटा टुणकन उडी मारतो, नाहीतर फांदीच्या पलीकडच्या बाजूला सरकून लपतो. आजूबाजूला मोठे काळे मुंगळे ये-जा करीत असतात. निरखून पाहिले तर किड्याच्या डोक्यामागे दोन शिंगे आणि पाठीवरून शेपटीकडे गेलेला एक अणकुचीदार काटा दिसतो.

भोपाळ, सीहोर, रायसेन, विदिशा ह्या भागात, जिथे मंडीत तुरीला ‘तुअर’ म्हणतात, हा किडा नवा नाही. शिंगांमुळे कृषी खात्याच्या पुस्तकांत त्याला ‘काऊ बग’ म्हणजे गाय-किडा असे नाव आहे. आपण त्याला शिंगवाला किडा म्हणू या.

पुष्कळ शेतकरी शिंगे पाहूनच घाबरतात आणि दुकानात जाऊन ‘तुरीवरच्या किड्याचे औषध द्या’ एवढेच सांगतात. किडा कोणता, तो झाडाच्या कोणत्या भागावर बसतो, उडी मारतो की चालतो, ह्यातले काही सांगता येत नाही. मग दुकानदार देईल ते पंपात जाते. पैसा जातो, मधमाश्या मरतात, फवारणाऱ्याच्या अंगात विष भिनते, आणि शेंगांतले दाणे नासवणारी खरी कीड पुष्कळदा तशीच राहते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. म्हणून ह्या किड्याची ओळख नीट करून घेऊ.

कूळ कोणते?

शिंगवाला किडा हा रस शोषणारा कीटक आहे. त्याला चावायला जबडा नसतो. सुईसारखी सोंड खोडात खुपसून तो रस पितो. मावा, तुडतुडे, पिठ्या ढेकूण हे सारे ह्याच मोठ्या गणातले. त्या गणाला शास्त्रज्ञ हेमिप्टेरा म्हणतात. त्यात शिंगवाल्या किड्यांचे कूळ वेगळे. त्याचे नाव मेम्ब्रॅसिडी. कापसावर, भेंडीवर दिसणारे हिरवे तुडतुडे हे ह्या कुळाचे चुलत भाऊ म्हणायला हरकत नाही. दोघेही उड्या मारतात, दोघांचेही पंख घराच्या छपरासारखे उतरते मिटलेले असतात. फरक एवढाच की तुडतुड्याच्या पाठीवर शिंग वा काटा नसतो.

ही शिंगे डोक्याला फुटलेली नसतात. कीटकाच्या शरीराचे तीन भाग: डोके, छाती आणि पोट. छातीचेही पुन्हा तीन तुकडे. त्यातल्या पहिल्या तुकड्याची पाठ ह्या कुळात फुगून ढालीसारखी होते. त्या ढालीचे दोन कोपरे वर वा बाजूला निघाले की शिंगे दिसतात आणि मागचे टोक लांबले की पोटावरचा काटा होतो. ढाल मागे लांबून पोटावर आलेली असणे हीच ह्या कुळाची पक्की खूण आहे. शिंगे असतीलच असे नाही. गार्गारा नावाच्या ह्याच कुळातल्या किड्यांना शिंगे मुळीच नसतात, पण ढाल मागे लांबलेली असते.

जगात ह्या कुळाच्या तीन हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. त्यांतल्या बहुतेक अमेरिका खंडांतल्या. तिकडे काहींची ढाल पानासारखी, काहींची गुलाबाच्या काट्यासारखी, तर काहींची झुंबरासारखी गोळे लटकलेली असते. आपल्याकडचे प्रकार साधे, बैलासारख्या शिंगांचे.

नाव कसे पडले?

कीटकांच्या शास्त्रीय नावात दोन शब्द असतात. मतदार यादीत जसे आधी आडनाव आणि मग स्वतःचे नाव असते, तसेच हे. पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे आडनावासारखा. तो अनेक भावंडांना सारखाच लागतो. दुसरा शब्द त्या एका जातीचा.

तुरीवर, बाभळीवर सर्रास आढळणाऱ्या आपल्या शिंगवाल्याचे नाव ऑक्सिरॅकिस टॅरँडा. जुन्या पुस्तकांत ते टॅरँडस असे छापलेले आढळेल. जात तीच. योहान ख्रिश्चन फॅब्रिशियस ह्या डॅनिश शास्त्रज्ञाने १७९८ मध्ये ह्या जातीचे पहिले वर्णन केले. सजीवांना दोन शब्दांची नावे देण्याची पद्धत रुजवणाऱ्या लिनियसचा हा शिष्य. टॅरँडस म्हणजे उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातले रेनडियर हरीण. शिंगे पाहून त्याला ते आठवले असावे. ह्याच फॅब्रिशियसने १७७५ मध्ये दुसऱ्या एका शिंगवाल्याला टॉरस, म्हणजे बैल, असे नाव दिले होते. पुढे १८३०च्या दशकात जर्मन शास्त्रज्ञ जर्मर ह्याने टॅरँडासाठी वेगळी प्रजात केली आणि तिला ऑक्सिरॅकिस हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ तीक्ष्ण कणा. पाठीवरचा काटा पाहिला की नाव पटते.

ब्रिटिश काळात डिस्टंट ह्या इंग्रज अभ्यासकाने हिंदुस्थानातल्या अशा कीटकांची मोठी यादी ग्रंथरूपाने केली. शिंगवाल्यांचा भाग विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात छापला गेला. त्यानंतर के. एस. अनंतसुब्रमण्यन ह्यांनी भारतातल्या ह्या कुळावर लिहिलेला ग्रंथ भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाने १९९६ मध्ये प्रसिद्ध केला.

ऑक्सिरॅकिसला कुठे बसवावे ह्यावर मात्र बरीच वर्षे वाद होता. आपल्याकडच्या बहुतेक शिंगवाल्यांच्या पाठीवर, ढालीच्या मागे पंखांच्या मुळाशी, एक छोटी त्रिकोणी चकती दिसते. ऑक्सिरॅकिसमध्ये ती दिसत नाही, आणि ह्या बाबतीत तो अमेरिकेतल्या प्रकारांसारखा आहे. म्हणून जुन्या लोकांनी त्याला वेगळ्या फळीत ठेवले. २००१ आणि २००४ मध्ये शरीराच्या अनेक खुणा एकत्र ताडून पाहिल्यावर तो आपल्याकडच्या सेंट्रोटिनी ह्या उपकुळातलाच ठरला. चकती नसणे ही गोष्ट त्याच्याकडे वेगळी घडली असे समजले जाते. ह्यावरून एक धडा घ्यावा. एकाच खुणेवरून नाते ठरवू नये, चार खुणा ताडून पाहाव्यात.

भिंगातून पाहायच्या खुणा

शाळकरी मुलांकडे असते तसले साधे भिंग पुरेसे आहे. किडा सहा ते आठ मिलीमीटर, म्हणजे जवळजवळ गव्हाच्या दाण्याएवढा असतो. त्याला बाजूने आणि वरून, असे दोन्हीकडून पाहावे आणि पुढील प्रश्न क्रमाने विचारावेत.

पहिला प्रश्न: ढाल मागे लांबून पोटावर आली आहे का? नसेल तर तो ह्या कुळातला नव्हे, पुढे जाऊ नये.

दुसरा प्रश्न: ढालीच्या मागे त्रिकोणी चकती दिसते का? दिसत नसेल, मागचा काटा मुळाशी रुंद असेल आणि पाठीला चिकटून पंखांवरून सरळ मागे गेला असेल, तर तो ऑक्सिरॅकिस. त्याची शिंगे मुळाशी जाड, टोकाशी अणकुचीदार असतात.

तिसरा प्रश्न: चकती दिसत असेल तर मागचा काटा कसा आहे? तो पाठीपासून उचललेला, कमानीसारखा असेल आणि काटा व पाठ ह्यांच्यामधून उजेड दिसत असेल, तर तो लेप्टोसेंट्रस. ह्याची शिंगे लांब, सडपातळ आणि बैलाच्या शिंगांसारखी मागे वळलेली असतात. वांग्यावर दिसणारा काळसर शिंगवाला बहुधा हाच. काटा पाठीला लागून असेल आणि शिंगे आखूड, बाजूला निघालेली असतील, तर तो ओटिनोटस असण्याचा संभव आहे. ओटिनोटस ओनेरॅटस ही त्याची जात तुरीवर ऑक्सिरॅकिसच्या जोडीने आढळते. आखूड शिंगांच्या इतरही प्रजाती आहेत, म्हणून इथे शेवटचा निर्णय जाणकारावर सोडावा.

दोन गोष्टींनी फसू नये. पहिली, शिंगांची लांबी. मादी नरापेक्षा मोठी असते आणि एकाच जातीत शिंगे कमीजास्त लांबीची असतात. शिंग आखूड दिसले म्हणून जात बदलत नाही. जाती नक्की करण्यासाठी शास्त्रज्ञ नराच्या जननेंद्रियाचा आकार सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ते शेतावर होणारे काम नव्हे. दुसरी, झाड. ऑक्सिरॅकिस तुरीवर असतो तसा बाभूळ, शिरीष, चिंच अशा झाडांवरही असतो. झाडावरून किड्याचे नाव ठरवू नये.

त्याचा संसार

मादीच्या पोटाच्या टोकाशी करवतीसारखे अवजार असते. त्याने ती कोवळ्या फांदीच्या सालीत चीर पाडते आणि आत अंडी घालते. पुढे चिरांच्या जागी साल फुगून खरखरीत गाठी येतात. अंड्यांतून निघालेली पिले प्रौढासारखी दिसत नाहीत. त्यांना पंख नसतात, ढाल पुरती वाढलेली नसते आणि पोट मागे निमुळते होत गेलेले असते. पाच वेळा कात टाकल्यावर पंख व पूर्ण ढाल येते. पिले आणि प्रौढ एकाच फांदीवर दाटीने राहतात. म्हणून ह्यांना पाहायचे तर एकटा किडा शोधू नये, घोळका शोधावा.

खोडाच्या रसात साखर जास्त आणि शरीर बांधायला लागणारी द्रव्ये कमी. म्हणून किड्याला पुष्कळ रस प्यावा लागतो आणि जादा साखर गोड पाण्याच्या थेंबांनी मागून बाहेर टाकावी लागते. हाच मुंगळ्यांचा खाऊ. मुंगळा आपल्या मिशांनी पिलाला थोपटतो, पिलू थेंब सोडते, मुंगळा तो पितो. त्या बदल्यात मुंगळे कोळ्यांना आणि इतर शत्रूंना हुसकावतात. गवळ्याने गाई राखाव्यात तसा हा प्रकार आहे. गाय-किडा हे नाव अशा रीतीने दोनदा खरे ठरते.

तेव्हा मुंगळ्यांची ओळ तुरीवर चढताना दिसली तर मुंगळे तूर खातात असे समजू नये. ती ओळ जिथे संपते तिथे पाहावे. शिंगवाला, मावा किंवा पिठ्या ढेकूण ह्यांपैकी कोणीतरी तिथे सापडेल.

शेंगांचा खरा चोर

आता मुख्य मुद्दा. तुरीवर दुसराही एक काटेरी किडा येतो. तो म्हणजे शेंगांवरचा ढेकूण, क्लॅव्हिग्रॅला गिबोसा. तोही तपकिरी, त्याच्याही खांद्यांवर काटे. घाईत पाहणारा दोघांना एकच समजतो. पण एक खोडाचा रस पितो आणि दुसरा शेंगेत सोंड खुपसून कोवळ्या दाण्याचा रस पितो. त्याने शोषलेला दाणा सुरकुततो, डाळीला लागत नाही आणि बियाण्यालाही चालत नाही.

दोघांतला फरक असा ओळखावा. शिंगवाला खोडावर असतो, ढेकूण शेंगांवर. शिंगवाला उडी मारतो, ढेकूण चालतो किंवा उडून जातो. शिंगवाल्याचे पंख छपरासारखे उतरते असतात, ढेकणाचे पाठीवर सपाट, एकावर एक घडी घातलेले. शिंगवाल्याच्या मिशा केसाएवढ्या बारीक, सहज न दिसणाऱ्या असतात, तर ढेकणाच्या लांब, ठळक आणि सांधे असलेल्या. शिंगवाल्याजवळ बहुधा मुंगळे असतात. ह्या पाच खुणा जुळल्या की गोंधळ होत नाही.

ह्याखेरीज तुरीचे मोठे नुकसान करणारे तिघे आहेत: शेंगा पोखरणारी घाटे अळी, पिसारी पतंगाची अळी आणि शेंगमाशी. शेंगेला भोक दिसले, किंवा शेंग उघडल्यावर आत अळी वा कुरतडलेला दाणा सापडला, तर दोष शिंगवाल्याचा नाही. त्याला भोक पाडताच येत नाही.

नुकसान किती, उपाय काय?

शिंगवाला अगदी निरुपद्रवी आहे असेही नाही. रोप लहान असताना घोळके फार झाले तर झाड मलूल पडते आणि वाढ खुंटते. गाठी आलेली फांदी कमजोर होते. गोड पाणी पानांवर सांडले की त्यावर काळी बुरशी धरते. पण वाढलेली तूर एवढे सहज सोसते, आणि कीटकशास्त्राच्या पुस्तकांत ह्याची गणना तुरीच्या दुय्यम किडींतच केली जाते. उपाय म्हणून पुढील गोष्टी बहुधा पुरतात.

एक. शेतात दहा-वीस ठिकाणी झाडे पाहावीत. घोळके थोड्याच झाडांवर असतील तर काहीच करू नये. कोळी, प्रार्थनाकीटक आणि अंड्यांवर जगणाऱ्या बारीक गांधीलमाश्या आपले काम करीत असतात.

दोन. घोळका दाट असलेली फांदी कापून साबणाच्या पाण्यात बुडवावी. गाठी असलेली फांदीही काढावी, कारण अंडी तिच्यातच असतात.

तीन. पेरणीनंतर सुमारे दीड महिन्याने तुरीचे शेंडे खुडण्याची रीत आहे. त्या वेळी खोडाकडेही लक्ष द्यावे. खुडणी आणि पाहणी एकाच फेरीत होते.

चार. बांधावरच्या बाभळी व शिरीष पाहून ठेवाव्यात. तिथे घोळके वाढत असतील तर शेजारच्या तुरीच्या ओळी आधी तपासाव्यात. त्यासाठी झाड तोडण्याची गरज नाही.

पाच. रोपे लहान आणि किडा फारच असेल तर पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. पाच किलो निंबोळ्यांची भरड रात्रभर पाण्यात भिजवावी, सकाळी फडक्याने गाळावी, थोडा साबण घालून एकूण शंभर लिटर पाणी करावे आणि त्याच दिवशी संध्याकाळी वापरावे.

शंका असेल तर नमुना घेऊन जावा. छोट्या बाटलीत थोडे स्पिरिट घालून त्यात चार-पाच किडे टाकावेत. कागदाच्या चिठ्ठीवर शिसपेन्सिलीने गाव, तारीख, झाड आणि झाडाचा कोणता भाग हे लिहून ती चिठ्ठी बाटलीतच टाकावी. शिसपेन्सिलीचे अक्षर स्पिरिटमध्ये विरघळत नाही. जिल्ह्याचे कृषी विज्ञान केंद्र किंवा सीहोरचे कृषी महाविद्यालय इथे अशी बाटली दाखवता येते. ‘तुरीवर कीड आहे’ असे तोंडी सांगण्यापेक्षा ही बाटली शंभर पटींनी उपयोगी.

औषध म्हणतो ते विष असते

आपण सहज ‘औषध मारले’ म्हणतो. भोपाळच्या माणसाला ह्या शब्दामागे काय आहे ते वेगळे सांगायला नको. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून जो मिथिल आयसोसायनेट वायू सुटला, तो शेतीचे कीटकनाशक बनवण्यासाठीच साठवलेला होता. त्यापासून कार्बारिल तयार होई आणि ते ‘सेविन’ नावाने विकले जाई. हजारो माणसे दगावली आणि पाच लाखांहून अधिक लोकांना इजा झाली. कार्बारिल अळ्यांबरोबर मधमाश्यांनाही मारणारे होते. भारत सरकारने २०१८ मध्ये त्यावर बंदी घातली.

ती दुर्घटना कारखान्यातली होती. पण शेतातही माणसे जातात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले. म्हणून नको असलेली एक फवारणी टळली तर तो पैशाचा आणि जिवाचाही लाभ आहे.

फवारणी करावीच लागली तर डब्यावरचा त्रिकोण आधी पाहावा. लाल म्हणजे अतिशय विषारी, पिवळा त्याखालचा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत कमी. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला तोंड करून फवारू नये. हातमोजे, तोंडावर मुखपट्टी, पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा. मध्येच विडी, तंबाखू, पाणी घेऊ नये. काम झाल्यावर साबणाने अंघोळ करावी आणि ते कपडे वेगळे धुवावेत. रिकाम्या डब्यात पाणी वा तेल कधीही भरू नये. तूर फुलावर असताना मधमाश्या फिरतात त्या वेळी फवारणी टाळावी.

फवारणाऱ्याला दरदरून घाम, तोंडाला लाळ, मळमळ, धूसर दिसणे, बाहुल्या बारीक होणे वा श्वासाला त्रास असे काही दिसले तर ताबडतोब काम थांबवावे. त्याला मोकळ्या हवेत आणावे, कपडे काढून अंग साबण-पाण्याने धुवावे आणि विनाविलंब दवाखान्यात न्यावे. घरी उलटी करवू नये, दूध-तुपाचे उपाय करीत वेळ घालवू नये. औषधाचा डबा किंवा त्यावरचे पत्रक डॉक्टरांना दाखवावे, कारण कोणते विष हे कळल्यावरच योग्य उतारा देता येतो. नावाची किंमत इथेही तेवढीच आहे.

तेव्हा शेतकरी बंधू-भगिनींनो, ह्या हंगामात तुरीच्या खोडावर शिंगे दिसली तर आधी भिंग काढावे आणि पंप खोलीतच राहू द्यावा. खोडावर आहे की शेंगेवर, उडी मारतो की चालतो, पाठीवर काटा कसा गेला आहे, एवढे पाहायला पाच मिनिटे लागतात. घरातल्या मुलांना सोबत न्यावे. बारीक गोष्टी त्यांच्या डोळ्यांना आपल्यापेक्षा लवकर दिसतात.